शेवटी सगळे जेवायला बसले

स्टोरीकाकूंनी सांगितलेल्या एकाही पिक्चरमध्ये शेवटी कोणी मरत नसे. मधे काय वाटेल ते होई. गोळ्या सुटत, घरांना आगी लागत, पोरं जत्रेत हरवत, हिरॉइनला खोकल्यातून रक्त पडे. पण शेवट जवळ आला की कुठून कुठून सगळी माणसं घरी येत आणि जेवायला बसत. आई वाढायला उभी असे. पानात काय काय होतं तेही काकू सांगत, आणि ते बहुतेक त्यांनी स्वतः सकाळी केलेलं असे. एकदा पगारेवहिनींनी विचारलंच, "काकू, तुमच्या सगळ्या पिक्चरांत शेवटी जेवायलाच कसे काय बसतात हो?" काकूंनी सुपातला खडा बाजूला काढला आणि म्हणाल्या, "मग? तीन तास झाले. माणसांना भूक नाय लागत का?"

हे सगळं एकलहऱ्याच्या कॉलनीतलं. मी लग्न होऊन देवळ्याहून तिथे आले तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. माहेरी कांद्याच्या खळ्यावर दिवसभर माणसांचा राबता, बोलायला कोणी नाही असं कधी झालंच नव्हतं. इथे दोन खोल्यांचं क्वार्टर, खिडकीतून दिसणाऱ्या पॉवर हाऊसच्या चिमण्या, आणि शिफ्टवरून येऊन झोपलेला नवरा. तो झोपला की भांड्याचासुद्धा आवाज करायचा नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक राख बसे, ती झटकणं एवढाच काय तो माझा उद्योग. पहिल्या महिन्यात मी इतकी गप्प राहिले, की स्वतःचाच आवाज मला परका वाटायला लागला. मग एका दुपारी समोरच्या क्वार्टरमधली बाई सूप काखोटीला मारून दारात आली. "नवी आलीस ना? निवडायला काही असंल तर घे नि खाली ये. आज पिक्चर हाय," असं म्हणून ती निघूनही गेली. मला वाटलं, खाली पडदाबिडदा लावलाय की काय.

खाली बदामाच्या झाडाखाली बायका बसल्या होत्या. कोणाकडे गहू, कोणाकडे तूरडाळ, पगारेवहिनींकडे स्वेटरच्या सुया. मधोमध ती मघाची सूपवाली, म्हणजेच काकू. तेव्हा मला रीत कळली. काकू बुधवारी नाशिकरोडला जाऊन तीनचा शो बघायच्या आणि गुरुवारी दुपारी तो झाडाखाली सांगायच्या. कॉलनीतल्या बाकी बायकांना कुठलं आलंय थेटर? कोणाची पोरं लहान, कोणाच्या सासूला ते पसंत नाही, कोणाच्या नवऱ्याला. वर्षातून दोनदा सगळ्या घरानं नटूनथटून जायचं, डबे घेऊन, तेवढाच त्यांचा सिनेमा. एरवी आमच्यासाठी काकूच जात, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट बुधवारी त्या बसला निघाल्या की बायका गॅलरीतून ओरडून सांगत, "काकू, नीट बघा हो. साड्या ध्यानात ठेवा."

आणि सांगणं कसं? दीड-दोन तास. पडद्यावर नावांच्या पाट्या पडतात, तिथपासून सुरुवात. गाणी त्या म्हणत नसत, आवाज नाही म्हणून. पण गाणं गाळायच्याही नाहीत. "इथं गाणं हाय. बागेत. ती पुढं, तो मागं. चालू द्या." असं म्हणून त्या खरंच थांबायच्या आणि डाळ निवडायला लागायच्या. आम्हीही मुकाट्यानं निवडत बसायचो. मधेच कोणी बोललं तर त्या बोटानं गप्प करायच्या, "अगं, कडवं राहिलंय." मारामारी मात्र एका वाक्यात उरकायच्या. "मग त्यांची जुंपली. शर्ट फाटले. त्यात काय सांगायचं?" निम्म्यावर आल्या की सूप खाली ठेवून म्हणायच्या, "इंटरव्हल." मग जिची पाळी असेल ती चहा आणायला उठे, आणि तोपर्यंत पुढचं एक अक्षर बोलायचं नाही. चहा ओठाला लावून कोणी अंदाज बांधायला लागलं, की काकूंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. सगळं यांनाच ठाऊक.

नटनट्यांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. पडद्यावरच्या माणसांना त्या नात्यानंच ओळखायच्या. मोठा, धाकटा, वहिनी, तिचा तो मेला दीर. खलनायकाची बाजूही घ्यायच्या कधीकधी. एकदा म्हणाल्या, "त्याला लहानपणी कोणी जवळ घेतलं नाय गं. आत्याकडं वाढला. मग माणूस असाच व्हायचा." हे पिक्चरमध्ये होतं की नव्हतं, देव जाणे. पण त्या दुपारी घरी जाऊन मी माझ्या एका आतेभावाला पत्र लिहिलं, ज्याच्याशी मी तीन वर्षं बोलले नव्हते.

आठवड्यातले बाकीचे दिवस मात्र काकू बोलतच नसत म्हटलं तरी चालेल. समोरच राहायला असल्यामुळे मला ते दिसायचं. घरात त्या आणि काका, दोघंच. काका जनरल शिफ्टला, सकाळी जाणार, संध्याकाळचा भोंगा झाला की चालत येणार. भला माणूस, पण दिवसातून चार शब्द बोलला तर पाऊस पडायचा. मूलबाळ नाही. हळदीकुंकवाला काकूंना बोलावत, पण बारशाला बोलावताना बायका जरा घुटमळत, आणि काकूंना ते घुटमळणं दिसे. गुरुवारची दुपार तेवढी त्यांची. त्या दुपारी वीस माणसांचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे लागलेलं असे, आणि कोणालाही त्यांची कीव करायला वेळ नसे. एकदा मुसळधार पावसामुळे बैठक मोडली, तेव्हा त्या कितीतरी वेळ दारात सूप घेऊन उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "एवढं पाठ केलेलं आता मी भिंतीला सांगू का?"

त्यांच्या शब्दावर आमचा भरवसा इतका, की पगारेवहिनींचं त्यापायी माहेरी भांडण झालं. त्यांचा भाऊ सटाण्याला मास्तर. तो म्हणे त्या दोन भावांच्या पिक्चरमध्ये धाकटा शेवटी मरतो. वहिनी म्हणाल्या, मरत नाही, घरी येतो, आई त्याला ताकभात वाढते. तो म्हणे मी थेटरात बघितलाय. या म्हणाल्या आमच्या काकूंनी पण थेटरातच बघितलाय, तुला डुलकी लागली असेल. त्या वर्षी त्यांनी भावाला राखीसुद्धा टपालानंच पाठवली. हे त्यांनी झाडाखाली मोठ्या अभिमानानं सांगितलं. सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत, त्यांनी सुपात काहीतरी शोधायला घेतलं.

का ते मला पुढच्याच महिन्यात कळलं. आमच्या ह्यांची दुसरी पाळी होती, म्हणून काकू म्हणाल्या, "चल माझ्यासंगं." तेव्हा थेटरात बायकांची खिडकी वेगळी असायची. पुरुषांच्या खिडकीपाशी नुसती कुस्ती, माणसांच्या खांद्यावरून माणसं चढत होती, एकाची चप्पल तिसऱ्याच्या हातात. आणि इकडे आम्ही पाच-सहा जणी, निवांत. तरुण पोरं येऊन काकुळतीनं म्हणत, "मावशी, आमची दोन काढा ना." काकू एखाद्याची काढायच्या, पण आधी विचारायच्या, "कॉलेज बुडवून आलास का रे?" आत बायकांची बाजूही वेगळी. तिथे रडणारी तान्ही मुलं, शेंगांची टरफलं, पडद्यावरच्या सासूला दिलेल्या शिव्या, आणि अनोळखी बाईनं आपल्या खांद्यावर डोकं टेकून रडणं. मी तशी गर्दी देवळ्यानंतर पहिल्यांदाच अनुभवली, आणि मला इतकं बरं वाटलं, की पिक्चर कुठला होता ते आज नीट आठवत नाही.

शेवट मात्र आठवत नाही असं म्हणता येणार नाही, कारण तो मी बघितलाच नाही. पिक्चर अगदी टोकाला आला होता. हिरोला फाशी होणार, बहीण तुरुंगाच्या दाराशी पोचलेली. आणि शेजारी काकूंचे पाय अंधारात चपला शोधायला लागले. "चल," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाही. मी म्हटलं, "काकू, आता थोडाच राहिलाय." "भोंगा होईल," एवढंच बोलून त्या पायांची गर्दी ओलांडत निघाल्यासुद्धा. डोअरकीपरनं विचारलंही नाही, पडदा सारून धरला. त्याला सवय असावी.

बसमध्ये बसल्यावर मी फुरंगटूनच होते. मग काकू खिडकीबाहेर बघत सांगायला लागल्या. त्यांना एक मुलगा होता, राजू. चार वर्षांचा होऊन गेला. काका कामावर असताना त्याला ताप चढला, डोळे फिरवले, तेव्हा काकू घराला कुलूप लावून, मिळेल त्या गाडीनं त्याला नाशिकला दवाखान्यात घेऊन गेल्या. तेव्हा आजूबाजूची क्वार्टरं अजून रिकामीच, निरोप द्यायलासुद्धा कोणी नव्हतं. संध्याकाळी काका घरी आले तर दाराला कुलूप. त्यांना वाटलं, मायलेक बाजारात गेले असतील. ते पायरीवर बसून राहिले. राजूसाठी आणलेली गोळ्यांची पुडी हातात धरून दिवस मावळेपर्यंत बसले. "माझ्यावर चिडले व्हते म्हणे," काकू म्हणाल्या. "आज येऊ दे घरी, बोलतोच म्हणले. आणि मग दवाखान्यातनं माणूस आला सांगायला."

त्यानंतर काकांनी एकच गोष्ट मागितली होती. मी येईन तेव्हा दार उघडं असू दे. पिक्चरला जाऊ नको असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट तेच म्हणाले होते, जात जा, तेवढाच जीव रमेल. पण कुलूप दिसलं की ते पुन्हा त्या पायरीवरच बसून राहायचे. मी म्हटलं, मग रविवारी जावं, बाराच्या शोला जावं. काकू म्हणाल्या, "बाराला ते इंग्रजी पिक्चर. मला काय कळतंय त्यातलं? आणि रविवारी ते घरी असतात. त्यांना एकटं टाकून कुठं जाऊ?" म्हणजे इतक्या वर्षांत या बाईनं एकाही नव्या पिक्चरचा शेवट बघितला नव्हता. मी विचारलं, "मग गुरुवारी सांगता काय?" तेवढ्यात बस कोळशाच्या गाड्यांच्या फाटकापाशी थांबली. डबे संपता संपेनात. काकू त्या डब्यांकडे बघत म्हणाल्या, "हे फाटक लागलं की मला सुचतं. आता बघ, ती बहीण दारात पोचली ना, तर जेलरची बायको तिला वळखती. एका गावच्या निघतात." फाटक उघडेपर्यंत हिरो सुटला होता, आणि कॉलनीच्या कमानीत बस शिरली तेव्हा तो घरी पिठलं-भाकरी खात होता. आम्ही उतरलो, काकूंनी पळत जाऊन कुलूप काढलं, दार सताड उघडलं, आणि भोंगा झाला.

मी हे कोणाला सांगितलं नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. काकूंनी तशी शपथ वगैरे घातली नव्हती. पण गुरुवारी त्या जेलरच्या बायकोपर्यंत पोचल्या आणि झाडाखालच्या सगळ्या बायकांनी हुश्श केलं, तेव्हा मीही केलं, आणि तेही अगदी मनापासून. त्यानंतर दर बुधवारी संध्याकाळी मी सहज म्हणून त्यांच्याकडे जायचे आणि विचारायचे, "काय सुचलं?" कधी त्या मला दोन शेवट सांगायच्या आणि कुठला बरा ते विचारायच्या. माझ्या आयुष्यात मला कोणी पहिल्यांदा काही विचारलं असेल, तर ते त्यांनी.

असं सात-आठ वर्षं चाललं. माझी दोन पोरं झाली, ती झाडाखालीच रांगली. मग कॉलनीत टीव्ही आला. पहिला जोशीबाईंकडे. गच्चीवर भला उंच बांबू, त्यावर अँटेना, आणि रविवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये अर्धी कॉलनी मांडी घालून. जोशीबाई बिचाऱ्या सतरंज्या घालून घालून दमायच्या. सुरुवातीला जे पिक्चर लागले ते काकूंच्या वेळच्याही आधीचे होते, म्हणून निभावलं. पण एका शनिवारी पगारेवहिनी नाचतच आल्या. उद्या तो लागणार होता, दोन भावांचा. त्यांनी सटाण्याला भावालाही कळवलं होतं, जिथे असेल तिथे बघ म्हणून.

मी काकूंकडे धावले. त्या दळण घेऊन नुकत्याच आल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, उद्या येऊ नका. अंग दुखतंय म्हणा. मी सांभाळून घेते." त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नाय गं. न जाऊन कसं चालंल? तो धाकटा घरी येतो का नाय, मला पण बघायचंय की."

रविवारी त्या दाराजवळ बसल्या. पिक्चरभर बायका मागे वळून त्यांच्याकडे बघत, कौतुकानं. जसंच्या तसं सांगितलं होतं हो काकूंनी, साडीचा रंगसुद्धा. आणि शेवट आला. धाकट्याला गोळी लागली. तो घराच्या अंगणापर्यंत सरपटत आला, आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तो मेला. जाहिरात लागली तरी कोणी उठेना. पगारेवहिनी हळूच म्हणाल्या, "काकू, हा तर मेला." काकूंच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "हो गं," त्या म्हणाल्या. "दारापर्यंत आला आणि मेला की." जोशीबाई म्हणाल्या, "पण तुम्ही बघितला होता ना?" काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "आम्ही शेवट बघत नसतो," त्या म्हणाल्या. "शेवट माझे मीच करते." दोघीतिघींना ती गंमत वाटली, त्या हसल्या. पगारेवहिनी हसल्या नाहीत. त्यांना सटाणा आठवलं असणार.

कोणी काकूंशी भांडलं असतं तर बरं झालं असतं. तसं कोणीच भांडलं नाही. पुढच्या गुरुवारी काकू सूप घेऊन खाली आल्या, तेव्हा मी होते आणि आणखी दोघी होत्या. सांगणं सुरू झालं, पण काकू आता मधेच थांबून कोणाच्या तरी चेहऱ्याकडे बघत होत्या, हिला खरं वाटतंय का म्हणून. एक जण म्हणाली, "काकू, हा पुढंमागं टीव्हीवर लागेलच, नाही का?" आणि गव्हाचा डबा उचलून गेली. खरं तर तिचंही चुकलं नव्हतं. पुढे तर व्हिडिओ आला. वर्गणी काढून यंत्र आणायचं आणि एका दमात तीन-तीन पिक्चर बघायचे. ज्या बायकांना वर्षातून दोनदा थेटर मिळत नव्हतं, त्यांना आता घरबसल्या सगळं मिळायला लागलं, आणि त्यांनी ते का घेऊ नये? मीही घेतलं. पण गुरुवारची दुपार झाली की बदामाखाली पानं पडलेली असत आणि समोरच्या दारात काकू एकट्याच तांदूळ निवडत बसलेल्या असत. मधेच त्यांचा हात थांबे. मला कळायचं, आत्ता गाणं चालू आहे.

थेटरात जाणं त्यांनी सोडलं. काकांनी एकदोनदा विचारलं, बुधवार ना आज? काकू म्हणाल्या, "कोणासाठी जाऊ?"

काका रिटायर व्हायला थोडं राहिलं होतं. एका संध्याकाळी भोंगा झाला, ते नेहमीसारखे चालत आले, दार उघडंच होतं, चपला काढल्या, पाणी मागितलं, आणि काकू पाणी घेऊन येईतो खुर्चीतच गेले. मी धावले तेव्हा काकू तांब्या घेऊन तशाच उभ्या होत्या. चौदा दिवस त्या रडल्या नाहीत. मग एकदा मला म्हणाल्या, "उघड्या दारानं आले आणि उघड्या दारानं गेले. एवढं माझ्या हातनं नीट झालं बघ." त्यानंतर त्या जे रडल्या, ते मला अजून ऐकू येतं.

क्वार्टर सोडावं लागणार होतं. दिंडोरीहून भाचा आला, मोठ्या मनाचा मुलगा, द्राक्षाची बाग आहे, म्हणाला आत्या आमच्याकडेच चला. दिवस ठरला. आदल्या दिवशी योगायोगानं बुधवार होता. मी म्हटलं, "काकू, पिक्चरला जायचं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत गेल्या, आणि साडी बदलूनच बाहेर आल्या.

थेटर तेच, पण बायकांच्या खिडकीला फळ्या ठोकल्या होत्या. दुसऱ्या खिडकीपाशी रांगच नव्हती. डोअरकीपर नवा होता. काकूंनी तिकीट पुढे केलं तर त्यानं न बघताच फाडलं आणि म्हणाला, "बसा कुठंही." काकूंना ते आवडलं नाही. "कुठंही कसं बसायचं?" असं पुटपुटत त्या पूर्वीच्या बायकांच्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसल्या. आमच्या ओळीत आम्ही दोघीच. शेंगा नाहीत, तान्ही पोरं नाहीत, सासूला शिवी द्यायला कोणी नाही. पडद्यावर एवढी मोठी माणसं रडत होती आणि पंख्याचा आवाज येत होता. ती नेहमीची वेळ झाली, आणि अंधारात काकूंचे पाय चपला शोधायला लागले. मी उठायला लागले. काकूंनीच माझा हात धरून खाली बसवलं. "बस," त्या म्हणाल्या. "आता भोंग्याचं काय?"

शेवट झाला. मोठ्या भावाला पोलीस घेऊन गेले, आई दारात उभी राहिली, जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि पडद्यावर अक्षरं आली. दिवे लागले. काकू तशाच बसून. "संपला?" "संपला काकू." "एवढंच असतं होय शेवटी?" झाडूवाला ओळीच्या टोकाशी येऊन उभा राहिला तरी त्या उठेनात. मग उठल्या, रस्त्यावर आल्या, आणि बसची वाट बघताना म्हणाल्या, "मी करत व्हते ते बरे व्हते."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा टेम्पो झाडाखाली लागला. सामान ते किती, निम्मासुद्धा भरला नाही. निरोपाला बायका जमल्या, म्हाताऱ्या झालेल्या काही, काही नव्या सुना, ज्यांनी काकूंना कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा पगारेवहिनी म्हणाल्या, "काकू, काल गेला होतात म्हणे थेटरात. आज गुरुवार आहे. सांगा की." काकू झाडाच्या पारावर बसल्या. पाट्या पडल्यापासून सुरुवात केली. भाचा घड्याळ बघत होता, पण पहिलं गाणं आलं आणि सगळ्या बायका एकदम गप्प बसल्या, तेव्हा तोही टेम्पोच्या फाळक्यावर टेकला. इंटरव्हलला जोशीबाईंनी चहा आणला. मारामारीत शर्ट फाटले. आणि जिथे काल त्यांचे पाय चपला शोधत होते, नेमकं तिथे येऊन काकू थांबल्या.

"पुढचं हिला विचारा," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "हिनं बघितलंय."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी जन्मात कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, पोलीस आले. आई दारात उभी. जीप आत आली, आणि, आणि जीप रिकामीच परत गेली. कारण साहेबांना खरं काय ते कळलं होतं. मग मोठा घरात आला. धाकटा पण आला. मी काकूंकडे बघायचं टाळत होते. म्हटलं, मग शेवटी सगळे जेवायला बसले.

काकू पदराचा एक सुटलेला दोरा ओढत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "वाढलं कोणी?"

"आईनं," मी म्हटलं. "दार उघडं टाकून."

"मग बरोबर हाय," काकू म्हणाल्या आणि उठल्या. पगारेवहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "आजच माझ्या भावाला कळवते, धाकटा घरी आला म्हणून." काकूंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला, माझ्या हातात क्वार्टरची किल्ली दिली, ऑफिसात जमा कर म्हणाल्या, आणि भाच्याचा हात धरून टेम्पोत चढल्या. मागे वळून त्यांनी बघितलं नाही. त्यांच्या बाकीच्या सवयींसारखीच तीही असावी, शेवट न बघायची. दिंडोरीला मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा जायच्या आधीच त्या गेल्या.

त्या गुरुवारी टेम्पो गेल्यावर सगळ्या पांगल्या. मी वर आले. समोरचं क्वार्टर रिकामं, भिंतीवर कॅलेंडरचा चौकोन तेवढा पांढरा राहिलेला. कुलूप-किल्ली माझ्या हातात होती आणि ऑफिस बंद व्हायला वेळ होता. मी दार उघडंच ठेवलं आणि काकू बसायच्या त्या पायरीवर तांदूळ घेऊन बसले. भोंगा झाला. जनरल शिफ्टची माणसं कॉलनीच्या कमानीतून आत आली, एकेक करून आपापल्या जिन्यानं चढली, दारं उघडल्याचे आवाज आले. शेवटचा माणूस घरात जाईपर्यंत मी थांबले. मग उठून कुलूप लावलं.